चालतीं प्रेतें आणि निम्में धान्य

प्रतिष्ठित टीकाकारानें ज्या वाङ्मयाकडे पाहूं नये असा संकेत आहे, त्यांत इंग्रजी चित्रकथांची गणना होते. मीहि हा संकेत आजवर निष्ठेनें पाळला होता. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत पुतण्यानें घरीं ठेवून दिलेले 'द वॉकिंग डेड' ह्या चित्रकथेचे जाड खंड केवळ चाळावयाचे म्हणून हातीं घेतले, आणि शेवटचा खंड संपेपर्यंत तपासावयाच्या उत्तरपत्रिका तशाच पडून राहिल्या. एवढ्यावरून ही कृति थोर ठरते असें मी म्हणत नाहीं. तिच्यांत एक थोर प्रश्न आहे आणि लेखकानें तो हातीं घेऊन मध्येंच सोडून दिला आहे, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

रॉबर्ट कर्कमन ह्या अमेरिकन लेखकाची ही कथा ऑक्टोबर २००३ मध्यें सुरू झाली व जुलै २०१९ मध्यें १९३ व्या अंकानें संपली. पहिल्या सहा अंकांचीं चित्रें टोनी मूर ह्याचीं; पुढील सर्व चार्ली ॲडलार्ड ह्याचीं. (तीवरून निघालेली दूरचित्रवाणीवरील मालिका २०१० ते २०२२ पर्यंत चालली, तिचा विचार येथें केलेला नाहीं.) केंटकी संस्थानांतील रिक ग्राइम्स हा पोलीस अधिकारी गोळी लागून बेशुद्ध होतो आणि रुग्णालयांत शुद्धीवर येतो, तों जग बुडालेलें असतें. मेलेलीं माणसें उठून जिवंतांस खात सुटलेलीं असतात. हें प्रेत, म्हणजे 'झॉम्बी', मूळचें हैती बेटांतील लोकसमजुतींतलें. तेथें तें मांत्रिकाचें मुकें गुलाम असे. जॉर्ज रोमेरो ह्यानें १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' ह्या चित्रपटांत चालत्या प्रेताला धनी ठेवला नाहीं, फक्त भूक दिली. आमच्या वेताळाशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह वाचकांनीं टाळावा. वेताळ विक्रमाला कोडीं घालतो. ह्या प्रेताला विचारावयाचें असें कांहींच नाहीं. म्हणूनच तें लौकर कंटाळवाणें होतें, आणि कर्कमन हें पुरतें ओळखून आहे. थोड्याच अंकांत प्रेतें ऋतुमानासारखीं होऊन बसतात. पावसाळ्यांत छत्री घ्यावी तशी कुऱ्हाड घेऊन बाहेर पडावें, इतकेंच. खरें भय उरतें तें शेजारच्या वस्तीचें.

इंग्रजी वाङ्मयाला हें भय नवें नाहीं. डीफोचा रॉबिन्सन क्रूसो (१७१९) निर्जन बेटावर वर्षानुवर्षें निर्भय राहतो आणि वाळूंत मनुष्याच्या पावलाचा एक ठसा दिसतांच त्याची झोंप उडते. त्याच डीफोच्या १७२२ सालच्या प्लेगवरील पुस्तकांत तर आपल्या विषयाचें बीजच आहे. १६६५ च्या सांथींत लंडनहून तीन गरीब माणसें बाहेर पडतात: एक पूर्वींचा शिपाई व आतांचा बिस्किटें भाजणारा, एक शिडें शिवणारा आणि एक सुतार. वाटेंत आणखी लोक त्यांना मिळतात. वॉल्थॅमस्टोचे गांवकरी त्यांस पुढें जाऊं देत नाहींत. तेव्हां जुना शिपाई लांकडाचे दांडके बंदुकींसारखे दिसतील असे घडवितो, जागोजाग शेकोट्या पेटवितो आणि मोठी फौज उतरली आहे असा देखावा उभा करतो. गांवकरी घाबरतात, बोलणें होतें, भाकरी व मांस देऊन ते ह्यांस दुसऱ्या वाटेनें लावून देतात. रक्ताचा थेंब सांडत नाहीं. दोन्हीं बाजू भ्यालेल्या आहेत आणि दोन्हींचें म्हणणें रास्त आहे, हें डीफो एका क्षणासहि विसरत नाहीं.

कर्कमन हें कधीं कधीं विसरतो. रिकची मंडळी प्रथम एका तुरुंगांत आश्रय घेतात. जे गज पूर्वीं माणसांस आंत कोंडीत, तेच आतां मरणास बाहेर ठेवतात, ही कल्पना सुंदर आहे. त्यांच्यावर वुडबरी गांवचा 'गव्हर्नर' चालून येतो; परंतु तो निव्वळ राक्षस आहे, आणि राक्षसाविषयीं टीकाकारानें फार लिहूं नये. कथेला खरी खोली येते ती पुढें, वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रिया वस्तींत. भिंत आहे, घरें आहेत, पण धान्य नाहीं. शेजारच्या हिलटॉप वस्तींत शेती आहे. परंतु तिच्या उत्पन्नांतील निम्मा भाग नेगन नांवाच्या पुंडाची टोळी घेऊन जाते. ही टोळी स्वतःस 'तारणहार' म्हणविते, आणि तें अगदींच खोटें नाहीं, कारण मोबदला म्हणून ती भोंवतालच्या प्रेतांचा बंदोबस्त करते. रिक हें ऐकतो व अन्नसामग्रीच्या बदल्यांत नेगनला निपटण्याचा मक्ता घेतो. म्हणजे तोहि शस्त्राच्या बळावर दुसऱ्याच्या शेतांतलें खावयास निघाला! रक्षण करणारा कोण आणि खंडणी घेणारा कोण, हा प्रश्न येथें उघडा पडतो.

मराठी वाचकास ह्या ठिकाणीं थोडें अस्वस्थ वाटावयास हवें. चौथाईचा इतिहास आम्हीं शाळेंत शिकलों तो घेणाऱ्यांच्या बाजूनें. रक्षणाचा मोबदला हें तिचें समर्थनहि पाठ केलें. देणाऱ्यांची बाजू वाचावयाची तर रघूजी भोसल्यांच्या फौजांनीं बंगालवर केलेल्या स्वाऱ्यांविषयीं गंगाराम ह्या बंगाली कवीनें रचलेलें 'महाराष्ट्र पुराण' पाहावें लागतें. त्याची १७५१ सालची पोथी उपलब्ध आहे. हिलटॉपचीं प्रकरणें वाचतांना मला तें वारंवार आठवलें.

कर्कमननें हा प्रश्न शेवटास न्यावयाचा होता. त्याऐवजीं शंभराव्या अंकांत (२०१२) नेगन कांटेरी तार गुंडाळलेल्या दांडूनें ग्लेन ह्या सालस तरुणाचें डोकें फोडतो, आणि तें पानामागून पान दाखविलें जातें. अतिरेक झाला अशी तक्रार पुष्कळांची असेल. माझी निराळी आहे. ह्या क्रौर्यामुळें वाचकाची फार सोय होते. आतां निम्म्या धान्याविषयीं त्याला विचार करावा लागत नाहीं. नेगनचा द्वेष केला कीं काम भागलें. रिकनें घेतलेला मक्ता त्या रक्तांत धुऊन निघतो.

तथापि लेखक अगदींच हरला असें नाहीं. युद्ध जिंकल्यावर रिक नेगनला मारीत नाहीं, कोंडून ठेवतो. शत्रूला मारण्यास एक क्षण पुरतो. कोंडून ठेवावयाचें तर रोज कुणीतरी त्याचें ताट नेऊन द्यावें लागतें. ज्या वस्तीच्या कोठारांत एवढें शिल्लक पडतें आणि जिच्या मनांत एवढा धीर असतो, तिला मी प्रथमच समाज म्हणावयास तयार झालों. मृतांचीं कातडीं पांघरणाऱ्या 'व्हिस्परर' टोळीचा पुढील भाग मात्र चित्रकारासाठींच लिहिल्यासारखा वाटतो.

शेवटचा अंक कसलीहि पूर्वसूचना न देतां निघाला. पुढील अंकांचीं खोटीं मुखपृष्ठेंसुद्धां आधीं जाहीर केलेलीं होतीं. त्यांत बरींच वर्षें लोटलीं आहेत. प्रेतें इतकीं दुर्मिळ झालीं आहेत कीं एक जण तीं पिंजऱ्यांत घालून गांवोगांव तमाशा दाखवितो. त्यांतलें एक सुटतें, रिकचा मुलगा कार्ल तें मारतो, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस केली म्हणून तंटा न्यायासनापर्यंत जातो. न्यायासनावर मिशोन बसलेली आहे. हीच बाई कथेंत प्रथम आली तेव्हां दोन प्रेतें साखळीनें ओढीत तुरुंगाच्या दाराशीं उभी होती.