राजाच्या पंक्तीला

शौलाच्या घराण्यातलं कोणी उरलं आहे का, असं दावीद विचारतो. नव्या राजानं जुन्या राजघराण्याची अशी चौकशी करावी, याचा त्या काळी अर्थ बहुधा एकच असे. दुसऱ्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायात मात्र विचारणाऱ्याला दया करायची आहे, देवाची दया, आणि तीही शौलाचा मुलगा, आपला मित्र योनाथान याच्यासाठी.

शौलाचा जुना चाकर सीबा सांगतो, योनाथानाचा एक मुलगा आहे, दोन्ही पायांनी अधू. नाव तो सांगतच नाही, आधी व्यंग सांगतो. दावीद पायांबद्दल अवाक्षर काढत नाही. कुठे आहे तो, एवढंच विचारतो. लो-दबारहून आणलेला तो माणूस पालथा पडून मुजरा करतो, तेव्हा राजाच्या तोंडून पहिला शब्द येतो तो त्याचं नाव. मफीबोशेथ! या हाकेसाठी मी हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचतो.

शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची बातमी आली तेव्हा तो ५ वर्षांचा होता. दाई त्याला घेऊन पळाली आणि वाचवण्याच्या त्या घाईतच तो पडला, जन्माचा अधू झाला. आता तो स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणवतो. दावीद त्याची समजूत काढत बसत नाही. शौलाची जमीन परत देतो, सीबाला त्याच्या १५ मुलांसह आणि २० चाकरांसह ती कसायला लावतो आणि मफीबोशेथाला कायमचं आपल्या पंक्तीला बसवतो. अवघ्या १३ वचनांत हे जेवण ४ वेळा येतं. याच ग्रंथात, ४ अध्याय आधी, आंधळ्या-लंगड्यांनी घरात पाऊल ठेवू नये अशी म्हण पडल्याचं लिहिलं आहे! ती आठवली की त्या पंक्तीचं मोल कळतं.

आणि शेवटच्या वचनात निवेदक पुन्हा सांगतो की तो दोन्ही पायांनी अधूच होता. पाय बरे झाले नाहीत. कथेचं सारं बळ मला इथे दिसतं. कृपेनं त्याला आधी धडधाकट व्हायला लावलं नाही. दुसऱ्या कुणासाठी, न मागता मिळालेली ही जागा ख्रिस्ती वाचकाला प्रभुभोजनाच्या मेजाकडे नेते, ते योग्यच वाटतं.

शौलाचा वारस नजरेसमोर ठेवण्याचं हे राजकारण होतं, असंही काही अभ्यासक म्हणतात. शंका रास्त आहे, पण नुसती पाळत ठेवायची तर जमीन परत कशाला द्यायची? पुढे दावीदाचा मुलगा अबशालोम बंड करतो, दावीदाला पळावं लागतं, तेव्हा सीबा धन्याविरुद्ध कागाळी करतो आणि ती सगळी जमीन पदरात पाडून घेतो. दावीद परततो तेव्हा मफीबोशेथ सामोरा येतो, राजा गेल्या दिवसापासून पायांची निगा न राखलेला, दाढी न नीटवलेला, कपडे न धुतलेला. दावीद जमीन दोघांत वाटून द्यायला निघतो. हा म्हणतो, सगळीच सीबाला घेऊ द्या, राजा सुखरूप घरी आला आहे.