पदर आणि पृष्ठ : मुक्तस्रोत व्ह्यूअरांचे एक परीक्षण

संग्रहालयांतील हस्तलिखिते, चित्रे व वस्त्रे संगणकाच्या पडद्यावर पाहण्यासाठी जी मुक्तस्रोत साधने आज वापरात आहेत, त्यांत मिराडोर आणि युनिव्हर्सल व्ह्यूअर ही दोन प्रमुख होत. प्रतिमा लहानमोठी करण्याचे काम दोन्हींच्या पोटात ओपनसीड्रॅगन ही तिसरी आज्ञावली करते. ('व्ह्यूअर'साठी 'दर्शक' हा शब्द सुचविला जातो, परंतु पाहणारा आणि दाखविणारा अशा दोन्ही अर्थांनी तो चालत असल्याने येथे मूळ शब्दच ठेवला आहे.) ह्या साधनांमागील मानक आयआयआयएफ ह्या नावाने ओळखले जाते. त्याचा आरंभ २०११ साली झाला. प्रतिमेचा कोणता भाग, केवढ्या आकारात व किती अंशांत फिरवून हवा, हे पत्त्यातच सांगण्याची सोय त्यात आहे. आणि वस्तूची सर्व प्रतिमा-पाने कोणत्या क्रमाने, कोणत्या शीर्षकाखाली मांडावयाची, हे 'मॅनिफेस्ट' नावाच्या सूचिपत्रकात लिहिलेले असते.

ह्या रचनेचे गुण निर्विवाद आहेत. पोथीचे पान तिच्यात अगदी घरच्यासारखे बसते. प्रश्न निर्माण होतो तो येवल्याची पैठणी तिच्यासमोर ठेवली म्हणजे.

पैठणीला पृष्ठ नाही. तिला अंग, काठ आणि पदर आहेत. पदरातील प्रत्येक आकृतीपुरता रंगीत बाणा लहान लहान तिल्ल्यांवरून फिरवितात. आकृतीच्या कडेशी तो शेजारच्या धाग्यात गुंतून मागे वळतो. म्हणून पदराच्या पाठीमागे मोकळे धागे लोंबत नाहीत आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. जाणकार पाहतो ती पाठ. इंग्रजी वर्णनांत पैठणीला सर्रास 'ब्रोकेड' म्हटलेले आढळते. किनखापात जादा बाणा असतो, येथे तो नसतो. ही चूक पाठीचे एक छायाचित्र जोडले तरी टळण्यासारखी आहे. एकाच कॅनव्हासवर पर्यायी प्रतिमा ठेवण्याची तरतूद मानकात आहे, म्हणजे दोष यंत्राचा नव्हे; छायाचित्र घेणाऱ्याने वस्त्राला पान समजून एकच बाजू टिपावी, हा दोष दृष्टीचा आहे. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असला म्हणजे जी धूपछाव दिसते, ती तर वस्त्र हलल्याखेरीज दिसतच नाही. २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून कॅनव्हासला कालावधीही देता येतो. हलत्या पदराचे चित्रण त्यात सहज मावेल.

ह्या संदर्भात १८६६ सालच्या फोर्ब्स वॉटसनच्या उपक्रमाचे स्मरण होते. भारतीय वस्त्रांचे ७०० नमुने कापून त्याने १८ खंडांत बसविले आणि त्या खंडांचे २० संच केले. हेतू हा की, ब्रिटिश कारखानदारांना येथील आवडनिवड कळावी. तुकडा कारखानदाराच्या हाती आला; विणणाऱ्याचा शब्द मात्र त्याबरोबर क्वचितच गेला. आजचा व्ह्यूअरही प्रतिमेचे चौकोनी तुकडे करूनच ती पडद्यावर आणतो. ते तुकडे तो पुन्हा सांधतो, हे खरे; शब्द सांधण्याचे काम त्याच्याकडून आपोआप होणार नाही.

भाषाभ्यासकाची चिंता येथेच आहे. 'मुनिया' हा शब्द घ्या. पक्षिशास्त्रात मुनिया म्हणजे दाणे टिपणारा इवलासा पक्षी. पैठणीच्या काठात मात्र हिरव्या पंखांचा, लाल चोचीचा पोपट मुनिया ठरतो. सूचिकाराने 'पोपट' लिहिले तर चित्र बरोबर, शब्द गेला. 'मुनिया' लिहिले तर परका वाचक ती चूक समजेल. 'राघू' हे तर रंगाचे नाव झाले आहे. काळ्या अंगाची, तांबड्या काठाची ती कालीचंद्रकला. पांढरी ती शिरोदक. 'कडियल' आणि 'एकधोटी' हे विणीचे भेद. ही नावे मागावर बसणाऱ्यांच्या तोंडी आहेत. संग्रहालयाच्या नोंदीत त्यांच्यासाठी रकानाच नसतो. 'वर्णन' ह्या एका घरात सर्व काही कोंबलेले असते.

उपाय दूर नाही. २०१७ साली डब्ल्यू३सीने टिपणांचे जे प्रतिमान मान्य केले, त्यानुसार प्रतिमेच्या नेमक्या कोपऱ्याला टीप जोडता येते, तिची भाषा सांगता येते आणि एकाच पक्ष्याला तीन निरनिराळी नावे देता येतात. शिवाय दुसऱ्याच्या प्रतिमांना धक्का न लावता स्वतःचे मॅनिफेस्ट रचता येते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या प्रतिमा ह्या मानकानुसार उपलब्ध असल्यामुळे, तेथील भारतीय वस्त्रांवर येवल्याच्या विणकरांची टिपणे एखाद्या मराठी विभागाने चढविणे अशक्य नाही.

अडचण आहे ती निराळी. मिराडोरमध्ये टीप लिहिण्यासाठी जोड-आज्ञावली लागते आणि टिपा साठविण्याची जागा ज्याची त्याने उभी करावयाची असते. प्रतिमा पाहणे फुकट, लिहिणे मात्र खर्चाचे, अशी ही स्थिती. 'मुक्त' ह्या विशेषणाचा अर्थ तपासताना तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. परवाना कितीही उदार असला तरी येवल्यातील विणकर त्यायोगे केवळ वाचकच राहतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शब्दसंग्रहाचे काम हाती घेताना ध्वनिमुद्रणाबरोबर पदराच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक नाव, त्याच्या उच्चारभेदांसह, आकृतीच्या जागेवरच नोंदवावे.