बेचाळीस मिलिमीटर ते एक

शार्ल झोझेफ मिनार हे फ्रान्सच्या सरकारी सेवेतले अभियंते. हयात रस्ते, पूल, कालव्यांत गेलेली. २० नोव्हेंबर १८६९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी १८१२ च्या रशिया मोहिमेत फ्रेंच सैन्य कसं घटत गेलं याचा आलेख छापला. मोहीम नेपोलियनची, पण शीर्षकात त्याचं नाव नाही; आहे ते माणसांच्या हानीचं.

ठिकाण, तारीख, सैनिकसंख्या असा तक्ता सहज मांडता आला असता आणि तो अचूकही ठरला असता. पण तक्त्यात वजाबाकी वाचणाऱ्याने करायची असते. मिनार ती डोळ्यांवर सोपवतात. पट्ट्याची एक मिलिमीटर रुंदी म्हणजे दहा हजार माणसं, एवढाच नियम. डावीकडे, सैन्य जिथून रशियात शिरलं त्या नीमन नदीपाशी, फिकट पट्टा ४,२२,००० माणसांचा, बेचाळीस मिलिमीटर रुंद. मॉस्कोला पोचतो तो दहा मिलिमीटरचा. परतीचा पट्टा काळा; नीमनपाशी तो एक मिलिमीटर उरतो आणि नेमका त्या रुंद पट्ट्याच्या उगमाखाली येऊन थांबतो.

बेरेझिना नदीपाशी मी दर वेळी रेंगाळतो. वीस हजारांवर आलेल्या काळ्या पट्ट्याला तिथे पोलोत्स्ककडून परतलेले तीस हजार येऊन मिळतात. पट्टा एकदम फुगतो, जीवात जीव येतो. लगेच नदी आडवी जाते आणि पलीकडे उरतात २८,०००. एका बोटाच्या अंतरात आशा आणि संहार, तेही एकाही विशेषणाशिवाय.

खाली तापमानाची रेषा आहे, रेओमूर मापनातली. ६ डिसेंबरला ती शून्याखाली तीस अंशांवर जाते. म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे साडेसदतीस. काळ्या पट्ट्यापासून तिच्यापर्यंत बारीक उभ्या रेघा उतरतात, आणि पाहणारा मनात ठरवून टाकतो : थंडीने मारलं.

पट्टा मात्र वेगळंच सांगतो. वाटेत फुटलेले २२,००० आणि ६०,००० चे दोन फाटे वगळले तरी मॉस्कोपर्यंत सुमारे २,४०,००० माणसं गळालेली आहेत. परतीत, येऊन मिळालेल्या तुकड्या धरूनही, सव्वा लाखाच्या आसपास. मोठी गळती बर्फाआधीची. उन्हाळ्यातली, उपासमारीची, रोगराईची, पळून गेलेल्यांची. तापमानाची रेषा फक्त परतीच्या वाटेला जोडलेली आहे, हे या थोर आलेखातलं मला जाणवणारं एकमेव उणेपण. एक तडजोडही आहे : जेरोम आणि दाव्हू या सेनानींच्या तुकड्या वेगळ्या वाटेने गेल्या होत्या, तरी त्या मुख्य सैन्याबरोबरच चालल्या असं मिनार धरतात. पण ते त्यांनी आलेखावरच लिहून ठेवलं आहे. ही सचोटी मला रेखाटनाइतकीच मोलाची वाटते.

हा आलेख हाती आला, तर आधी तापमानाची रेषा तळहाताने झाका आणि वरचा फिकट पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश वाचा.