रसिकांचा प्याला आणि तळीरामाचा

आपल्या टीकेची सारी भाषा जिभेवरून उचललेली आहे. रस, रुची, गोडी, आस्वाद हे शब्द आपण कवितेविषयी बोलताना इतक्या सहजपणे वापरतो, की ते मुळात स्वयंपाकघरातले आहेत याचा विसर पडतो. भरतमुनींनीसुद्धा नाट्यरस समजावून सांगताना दाखला दिला तो जेवणाराचाच. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न जसे चाखावे, तसे नाटक चाखावे, असा त्यांचा अभिप्राय. परंतु गंमत अशी, की चवीचे सगळे शब्द काव्याला देऊन टाकल्यावर मद्याच्या वाट्याला मराठी साहित्यात दोनच गोष्टी उरल्या. एक उपदेश आणि दुसरी थट्टा. मद्याची चव कशी असते, हे आपल्या वाङ्मयाने फारसे विचारलेच नाही.

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढल्याबद्दल गृहिणींनी रागावू नये. लेखाच्या शेवटी मी त्यांच्याच पक्षाला येऊन मिळणार आहे.

या विषयावरचे आपले थोर नाटक म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. १९१९ च्या जानेवारीत सावनेरला गडकरी गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व आणि सुधाकर झालेले गणपतराव बोडस. शंभरांहून अधिक वर्षे झाली, तरी दारुड्याला ‘तळीराम’ म्हणण्याची आपली सवय सुटलेली नाही. एखादे पात्र विशेषनामाचे सामान्यनाम होऊन बसावे, याहून मोठे यश नाटककाराला कोणते?

या नाटकातले ‘आर्य मदिरा मंडळ’ प्रेक्षकांच्या विशेष लाडके. तळीरामाने चालविलेल्या या मंडळात शास्त्रीही येतो आणि खुदाबक्षही येतो. जातिधर्माचे भेद तेथे प्याल्यात बुडतात. सभा-मंडळे काढण्याच्या त्या काळातल्या हौसेची ही नक्कल आहे, हे टीकाकारांनी पूर्वीच सांगितले आहे. मला मात्र तेथे निराळेच काही दिसते. या मंडळात दारूचा जयजयकार आहे, दारूचे समर्थन आहे, कोटिक्रम तर पावलोपावली आहेत. परंतु दारूच्या चवीला तेथे जवळजवळ कोणीच किंमत देत नाही. सगळा भर ‘आम्ही का पितो’ यावर, ‘काय पितो’ यावर नव्हे. सुधाकराचेही तेच. कोर्टात अपमान होतो, सनद हातची जाते, आणि त्या जखमेवर औषध म्हणून तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. भगीरथ येतो तो प्रेमभंग घेऊन. यांच्यापैकी एकाच्याही जिभेला मोह पडलेला नाही. प्रत्येकाजवळ फक्त सबब आहे.

हा भेद मला नीट उमगला तो आमच्या मुरगुडात, मित्रांच्या एका बैठकीत. परदेशी नोकरीला असलेला एक स्नेही सुट्टीवर येताना तीन स्कॉच बाटल्या घेऊन आला होता. मंडळींत एक निवृत्त फौजी, एक गुऱ्हाळवाले पाटील आणि एक मी. परवान्याची चौकशी पाटलांनी आल्या आल्याच करून घेतली. फौजींनी बाटल्यांवर वर्तमानपत्र गुंडाळले, एक-दोन-तीन असे आकडे घातले आणि बजावले, “मास्तर, नाव वाचून कौल द्यायचा नाही!” आम्ही घोट घोट घेतला, मध्ये पाणी प्यायलो, वास घेतला आणि भांडलो.

भांडण मोठे रसाळ झाले. पहिलीत फौजींना मध आणि पिकल्या सफरचंदाचा वास आला. तिसरी तोंडात घेताच पाटील म्हणाले, “ही चुलवाणाजवळ उभं राहून प्यायल्यासारखी लागतीया.” हे अस्सल समीक्षेचे वाक्य होय! कागद काढल्यावर ती स्कॉटलंडच्या आयला बेटावरची निघाली. तेथे दलदलीतली पीट नावाची माती कापून वाळवतात, तिच्या जाळावर मोड आलेले सातू सुकवतात आणि तो धूर मद्यात अखेरपर्यंत टिकतो. इंग्रजी पुस्तक न वाचता पाटलांनी धूर ओळखला, कारण आयुष्यभर काहिलीत उकळणारा रस पाहून त्यांची पारख तयार झालेली. गुळव्या नुसत्या फेसावरून आणि वासावरून काहील कधी उतरवायची ते सांगतो. चवीची भाषा आमच्या मुलखात नाही असे नव्हे. ती गुऱ्हाळात राहिली, पुस्तकात आली नाही एवढेच.

स्कॉचचा कायदाही एखाद्या कडक संपादकासारखा आहे. ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली असावी, तेथेच निदान तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरावी, आणि बाटलीत मद्यार्क शेकडा ४० हून कमी नसावा. बाटलीवर १२ चा आकडा असेल तर तो तिच्यातल्या सर्वांत तरुण मद्याचे वय सांगतो. मुरता मुरता पिंपातले थोडे मद्य दरवर्षी उडून जाते, त्याला तिकडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळीला आता सातूची अस्सल व्हिस्की होते, पण तेथल्या उष्म्यात हे देवदूत फारच तहानलेले! आणि आपल्या देशात व्हिस्की म्हणून खपते त्यातली बरीचशी मळीपासून काढलेल्या मद्यार्काची असते. युरोपात तिला ते नाव लावू देत नाहीत. आमच्या भोवतालच्या साखर कारखान्यांतून निघणारी मळी आणि ती धुराची बाटली यांच्यात किती अंतर आहे, हे त्या रात्री जिभेला कळले.

मग चोखंदळ रसिक तेवढे सुरक्षित, आणि धोका केवळ तळीरामांना, असा निकाल द्यावा काय? तसा निकाल सोयीचा आहे, म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. दुसऱ्या फेरीपर्यंत आमची मंडळी मद्याविषयी बोलत होती. तिसऱ्या फेरीनंतर मध नाही, सफरचंद नाही, धूर नाही. कोणी पेन्शनचे गाऱ्हाणे काढले, कोणी भाऊबंदकीचे. प्याल्यात काय आहे हे विसरून आपण का पितो हे सांगणे सुरू झाले, की आर्य मदिरा मंडळाची सभा भरली म्हणून समजावे. रसिक आणि तळीराम ही दोन निराळी माणसे नव्हेत. एकाच खुर्चीवर, एकाच रात्री, पहिला उठून दुसरा केव्हा बसतो ते कळत नाही. ‘एकच’ या शब्दात गडकऱ्यांनी नेमकी हीच घसरण पकडली आहे.

आणि आणखी एक गोष्ट आमच्या बैठकीत नव्हती. सिंधू नव्हती. दुसऱ्याचे दळण दळून घर चालवणारी, मरतानाही नवऱ्याला वाचवू पाहणारी सिंधू गडकऱ्यांनी मंडळाच्या त्याच नाटकात उभी केली. तिच्या सोशिकतेचा गौरव आज आपल्याला पटत नाही. नाटकाची ती बाजू जुनी झाली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून आडव्या बाटलीला कौल दिला आणि दुकाने बंद पाडली. त्यांना सिंधूचे दुःख ठाऊक होते, तिचे मौन मान्य नव्हते. धूर कोणत्या बेटाचा हे ओळखणाऱ्या नाकाला घरात चूल पेटली की नाही याचा वास येत नसेल, तर त्या रसिकतेला मी अर्धीच म्हणेन.

म्हणून वाचकांना माझी एक सूचना आहे. या सुट्टीत ‘एकच प्याला’ घरातल्या सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावे. मंडळाचा प्रवेश पुरुषांनी वाचावा, हवे तितके हसावे, आणि मध्ये चहालासुद्धा न उठता लगेच जात्याचा प्रवेश काढावा. तो मात्र बायकांनी वाचू नये. तोही पुरुषांनीच वाचावा.