विलंबित अक्षरे

पोस्टर चालता चालता वाचता आले पाहिजे, हा जाहिरातकलेचा पहिला पाठ. १९६६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही तरुण चित्रकारांनी तो धुडकावला. फिलमोर ऑडिटोरियम आणि अ‍ॅव्हलॉन बॉलरूम या सभागृहांतल्या रॉक संगीताच्या कार्यक्रमांसाठी त्यांनी केलेली पोस्टरे आता संग्रहालयांत जाऊन बसली आहेत. आज या कामात उतरणारा नवा चित्रकार त्यांच्याकडून बहुधा एकच गोष्ट उचलतो : अक्षरे वाकवायची, फुगवायची, ओळखू येईनाशी करायची. हा धडा मला अर्धवट वाटतो. ही माणसे कुठून निघाली होती, ते पाहिले म्हणजे त्याचा उरलेला अर्धा भाग हाती लागतो.

वेस विल्सन निघाला तो एका छोट्या छापखान्यातून. कागदाचा आकार, शाईचा खर्च, यंत्राची कुवत यांची समज त्याला कामातून आली. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरची विसाव्या शतकाच्या आरंभीची ठोकळेबाज अक्षरे त्याने एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये पाहिली आणि त्या ठोकळ्यांना त्याने प्रवाही केले. जुलै १९६६मधल्या त्याच्या एका पोस्टरवर हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांची ज्वाळा उठते. आधी दिसते ती आग. त्यातली वाद्यवृंदांची नावे मागाहून सापडतात. पण सापडतात, आणि सगळी सापडतात.

बॉनी मॅक्लीनची सुरुवात आणखी साधी. फिलमोरमध्ये येत्या कार्यक्रमांची माहिती ती खडूने फळ्यावर लिहीत असे. १९६७मध्ये विल्सनने तिथले काम सोडल्यावर पोस्टरे तिच्याकडे आली. फळा लिहिणाऱ्याला वाचणारे समोर दिसतात; कोण कुठे अडखळते हेही दिसते. तिच्या पोस्टरांतल्या गंभीर, स्थिर चेहऱ्यांभोवती अक्षरे कितीही वळली तरी त्यांची जागा हरवत नाही, याचे एक कारण मला त्या फळ्यात दिसते.

व्हिक्टर मोस्कोसो मात्र शिकून आलेला. येल विद्यापीठात जोसेफ अ‍ॅल्बर्सकडे त्याने रंगांचा अभ्यास केला होता. सारख्याच तीव्रतेचे विरोधी रंग शेजारी ठेवले की त्यांच्या कडा थरथरतात. विद्यार्थ्याने टाळायचा हा दोष त्याने आपली रीत करून टाकला. नियम उलटा करता येण्यासाठी तो आधी पाठ असावा लागतो. ‘निऑन रोझ’ या स्वतःच्या मालिकेतून पोस्टरांची मालकीही त्याने आपल्याकडे ठेवली. नवख्याने ही गोष्टही रंगांइतकीच लक्षात ठेवावी.

छापखाना, फळा, विद्यापीठ : वाटा तीन, पण तिघांवरही बंधन एकच. तारीख, जागा, वेळ आणि कलावंतांची नावे यांतले काहीही गाळायचे नाही. कार्यक्रम उरकला की पोस्टर शिळे, म्हणून ते वेळेवर छापून भिंतीवर लागलेच पाहिजे. आपल्याकडे मर्ढेकरांच्या कवितेपासून दुर्बोधतेचा वाद पुष्कळ झाला. या पोस्टरांना मी दुर्बोध म्हणणार नाही. त्यांतला अर्थ अडवलेला नाही, लांबवलेला आहे. विलंबित ख्यालात सम उशिरा येते, पण ती येणार याची गायकाला आणि श्रोत्यालाही खात्री असते. ती खात्री नसेल तर उरतो तो नुसता उशीर.

देवनागरीत पोस्टर करणाऱ्यापुढे हा प्रश्न जास्त अवघड होऊन येतो. रोमन मोठी अक्षरे ताणली, दाबली तरी बरेच काही सोसतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी आहे, खाली उकार आहे आणि डोक्यावर शिरोरेखा. ती काढून टाका, ‘घन’ आणि ‘धन’ यांतले अंतर एका वळणावर येते. ‘भरण’चे ‘मरण’ व्हायलाही वेळ लागत नाही. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोची ज्वाळा उचलून जशीच्या तशी देवनागरीवर ठेवली की बहुधा राखच होते. याउलट कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांसाठी काढलेली अक्षरे पाहावीत. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या अंगात उतरतो आणि तरी नाव वाचायचे राहत नाही. आपल्या लिपीत किती विलंब खपतो, याचे माप तिथे आहे.

नव्या चित्रकाराच्या कामाकडे म्हणून मी एकच कसोटी घेऊन जातो. पोस्टरासमोर थांबलेल्या माणसाला अखेर काय मिळाले? कार्यक्रम कुठे, केव्हा, कोणाचा हे कळले आणि थांबल्याचा आनंदही झाला, तर अक्षरे हवी तितकी वाकोत. नुसतेच थांबवले असेल, तर तो वाचणाऱ्याच्या वेळेचा अपमान आहे, आणि ज्याचे नाव वाचताच आले नाही त्या गायकाचाही.