नियमांआधी गोष्ट

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात पट नाही, हारजीत नाही. एकाने प्रसंग सांगायचा, इतरांनी आपापले पात्र काय करते ते सांगायचे. जिथे शंका, तिथे फासा. कीर्तनातला श्रोता मान डोलावतो, इथला श्रोता कथेची वाटच बदलतो. पण त्या पहिल्या तीन पुस्तिका वाचून नवख्याने खेळ मांडणे कठीणच होते. लेखकांनी युद्धखेळांची जाण गृहीत धरली होती.

फ्रँक मेंट्झर यांच्या १९८३ च्या लाल पेटीतील पुस्तिकेचे मोल इथे आहे. ती व्याख्यांनी सुरू होत नाही. वाचकालाच लढवय्या ठरवून ती त्याला गुहेत नेते. साप अंगावर येतो, आणि मग फासा कशासाठी ते कळते. आधी व्याकरण की आधी भाषा, हा आम्हा मास्तरांचा जुना वाद. मेंट्झर यांनी तो बोलता बोलता निकालात काढला आहे.

तरी एक गोष्ट खटकते. गुहेत भेटलेली, जखमा बऱ्या करणारी अलीना बार्गल नावाच्या जादूगाराकडून मारली जाते, आणि वाचकाला तिला वाचवण्याची संधीच नाही. प्रसंग चटका लावतो, हे मान्य. पण ज्या खेळाचा प्राणच खेळणाऱ्याचा निर्णय, त्याने पहिल्याच धड्यात तो हिरावून घ्यावा? पुढच्या सफरीत वाट निवडण्याची मुभा मिळते. ती अलीना जिवंत असताना मिळायला हवी होती.