सामाजी हसाजींच्या हकीगतीत सामाजी कुठे आहेत?

हाईम सामुएल केहीमकर यांचा आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास पुन्हा हाती घेतला, त्याचे कारण घरगुती आहे. १८९७ साली लिहून झालेला हा ग्रंथ छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. बेने इस्राएलांविषयी जो कोणी लिहितो तो यातूनच उचलतो.

इथे लव्हालला आमच्या ओळखीच्या एका इस्राएल घरातला नातू कॅनडाच्या पलटणीबरोबर कंदाहारला गेला होता. २०१० साली तो सुखरूप परतला आणि आजीने नवसाचा मलिदा केला. पोहे, गूळ, ओले खोबरे, फळे, सगळे रीतीप्रमाणे. सब्जाचा पाला मात्र मिळाला नाही. एलियाहू हन्नाबीचे गीत झाले. मग एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सामाजी हसाजी दिवेकरांची हकीगत सांगितली.

ती कुणाला ठाऊक नाही? कंपनी सरकारच्या फौजेतले सुभेदार सामाजी, म्हणजे सामुएल एजकेल, म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. जात विचारली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ म्हणून सांगितले. कुराणात नाव येते ते हे लोक, म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली. जीव वाचला, आणि देवाचे उपकार स्मरून सामाजींनी १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली.

नातू मुकाट्याने ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आणि बरोबरच्या कैद्यांचं काय झालं, आजोबा?”

कुणी उत्तर दिले नाही. आजीने त्याच्या बशीत आणखी मलिदा घातला. आम्हीही, एवढी वर्षे आजाऱ्यांच्या उशाशी काढून, चहाचे विचारले!

आमची तक्रार केहीमकरांशी नाही. म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेले त्यांनी टिपून ठेवले नसते तर एवढेही उरले नसते. तक्रार आहे ती त्यानंतरच्या आम्हा सांगणाऱ्यांशी. मंगळूरच्या तहाने लढाई संपली १७८४ साली. मशीद उभी राहिली १७९६ साली. मधली बारा वर्षे आपण एका उडीत ओलांडतो, जणू माणूस तुरुंगातून निघाला तो थेट पायाचा दगड बसवायला. त्या लढाईतले कित्येक कैदी परतलेच नाहीत. सामाजींनी त्यांची आठवण काढली असेल की नाही, घरी काही सांगितले असेल की नाही, हा प्रश्न आपल्या कथेला पडतच नाही. तिला हवा आहे चमत्कार, आणि आपल्या नावाची थोरवी.

‘शाआर हारहमीम’, दयेचे द्वार, हे नाव तेवढे बोलके वाटते. पण तेही सामाजींचे नव्हे. शंभर वर्षे लोक तिला सामाजी हसाजींची मशीद किंवा जुनी मशीद म्हणत. हे नाव १८९६ साली दिले गेले. दया हा शब्द आपला आहे. त्यांचा शब्द कोणता होता?

धर्माने याची सोय केलेली आहे. समुद्र ओलांडून आलेला, वाळवंटातून आलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला, या चौघांनी हगोमेलची बेराखा चारचौघांसमोर म्हणायची असते. म्हणजे बोलायचे त्याने, ऐकायचे मंडळींनी. मलिद्याच्या वेळी आम्ही नेमके उलटे केले. बोललो आम्ही, ऐकले त्याने, आणि तेही सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच शिपायाचे.

भांडी विसळताना तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला. रुग्णालयातही असेच होई. डॉक्टरांच्या फेरीला गप्प असणारा रोगी रात्री चादर बदलताना बोलू लागे. ताटे पुसता पुसता त्याने पुढच्या गाडीतल्या दोघांची नावे सांगितली. एकाला बोरूक म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, तरी जेवणाआधी तो याची थट्टा करीत ‘बोरूक, बोरूक’ म्हणे. “मला कुणी जात विचारली नाही,” तो म्हणाला. “मी दुसऱ्या गाडीत होतो, एवढंच.”

आपल्या कितीतरी घरांतून सुभेदार, जमादार, हवालदार होऊन गेले. त्यांच्या बिल्ल्यांचे फोटो या पानांवर पुष्कळ पाहिले. कुणाच्या ट्रंकेत एखाद्याचे पत्र असेल, मोडी असो वा बाळबोध, तर ते आधी छापावे.